तलवार तुमची, सर्व्हर त्यांचा

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांच्या कथाखेळासाठी स्वतःची जादुई तलवार बनवायची, तर मी 'डी अँड डी बियाँड' ही साइट वापरतो. होमब्रू विभागात मूळ शस्त्र निवडायचं, दुर्मिळता ठरवायची, +1 सारखा बोनस जोडायचा. पुढचा हिशेब कॅरेक्टर शीट आपोआप करते.

पण ऑगस्ट 2024 मध्ये काय झालं बघा. नवे नियम आणताना मालक कंपनी 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट'ने जाहीर केलं, की शीटवरचे 2014 चे मंत्र आणि जादुई वस्तू जाऊन तिथे नव्या आवृत्त्या येतील. जुन्याच हव्यात? मग होमब्रूमध्ये हाताने पुन्हा बनवा! पैसे मोजून पुस्तकं घेतलेले खेळाडू भडकले आणि काही दिवसांतच कंपनीने माघार घेतली.

माझ्या मते धडा साधा आहे. टूल आकडेमोड वाचवतं, पण शीटवर काय टिकेल ते सर्व्हरचा मालक ठरवतो. उलट, जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले झालेले मूलभूत नियम (एसआरडी 5.1) कंपनीला परत घेता येत नाहीत. म्हणून तलवार ऑनलाइन जरूर घडवा, पण तिचे गुण वहीतही उतरवून ठेवा.