नऊ जणांचा नाईक

मुलांनो, स्नेहसंमेलन जवळ आलं की वर्गात एक भांडण ठरलेलं. शिवाजी महाराज कोण होणार? महाराज एक आणि मावळे पुष्कळ. पण या दोघांच्या मधला माणूस कुणाला आठवतच नाही. आज त्याचीच गोष्ट सांगते.

फैजपूरला आमच्या वर्गानं गडावरच्या रात्रीच्या पहाऱ्याचा प्रवेश बसवला होता. वर्गातला सर्वांत दांडगा मुलगा हवालदार झाला. काजळाची मिशी, आईनं बाहीवर शिवलेल्या तीन लाल फिती आणि ‘सावधान!’ अशी आरोळी. मुलं पोट धरधरून हसली. मी आपली त्याला ‘अजून मोठ्यानं’ एवढंच सांगत होते. चूक माझीच, बरं का!

एका मुलीचे आजोबा लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. नातीला न्यायला आले आणि तालीम बघत उभे राहिले. म्हणाले, “बाई, नऊ पाइकांवर हवालदार कसा? हा तर नाईक!”

खरंच की! शिवरायांच्या पायदळात साधारण नऊ-दहा पाइकांवर एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार आणि दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार असे. बाहीवरच्या फिती आणि ‘सावधान’ तर पुढच्या काळातल्या पलटणींचे. फिती उसवल्या. हवालदाराचा नाईक झाला आणि स्वारी रुसून बसली.

आजोबांनी त्याला जवळ घेतलं. नाईक यशवंत घाडगे यांचं नाव सांगितलं. माणगाव तालुक्यातले, मराठा लाइट इन्फन्ट्रीतले. 10 जुलै 1944 रोजी इटलीत मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. सोबत कुणी उरलं नाही, हे ठाऊक असूनही ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले. ठाणं घेतलं आणि तिथंच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हा ते अवघे 22 वर्षांचे होते. रुसवा कुठल्या कुठे पळाला!

मग खरी तालीम सुरू झाली. मिशीवर ताव मारत तो प्रेक्षकांकडे बघू लागला, की आजोबा म्हणत, “अरे भो, लोकाह्यकडे काय पाह्यतो? आधी तुह्या पोराह्यकडे पाह्य!” रोज नऊ जणांना नावानं हाक मारायची. कोण जेवलं, कुणाच्या वहाणेचा अंगठा तुटला, ते विचारायचं. पाणी सगळ्यांनी प्यायल्यावर आपण प्यायचं. पहाऱ्यावर ओरडायचं नाही, जवळ जाऊन हळू बोलायचं. पाइकांनाही धडा होता. नाईक हलला की आधी त्याच्याकडे बघायचं. बाहीवर फीत नसली तरी हुद्दा कळतो, तो असा!

प्रयोगाच्या दिवशी सर्वांत लहान पाईक वाक्य विसरला. ओठ थरथरू लागले, डोळे भरले. मी पडद्याआड घाबरले. पण नाईक शांतपणे त्याच्यापाशी गेला. त्याचं मुंडासं नीट केलं आणि कानात काहीतरी पुटपुटला. पाईक खणखणीत बोलला. प्रेक्षकांना वाटलं, नाटकातच तसं आहे!

नंतर मी विचारलं, “काय रे सांगितलंस त्याला?”

“काही नाही बाई. म्हटलं, मी आहे इथं.”

तुमच्या वर्गात नाटक बसत असेल, तर यंदा नाईक कोण होणार, ते आधी ठरवा. होणार ना?