दहाव्या वर्षी हिरडीवर एक बोट

काही वर्षांपूर्वी भैरवगढ येथील तेरा वर्षांची एक मुलगी तापासाठी माझ्याकडे आली. जन्मापासून ती माझ्याच दवाखान्यात येत असे. तिच्या लसी, वजन, उंची, सारे माझ्या नोंदीत होते. घसा पाहताना वरच्या डाव्या बाजूचा सुळा अजून दुधाचाच असल्याचे लक्षात आले. शेजारचा पटाशीचा दात बोटाने किंचित हलत होता. दंतवैद्यांनी क्ष-किरण चित्र काढले. कायमचा सुळा जबड्यात तिरपा अडकला होता आणि त्या दाताचे जवळजवळ अर्धे मूळ झिजले होते. "पण डॉक्टरसाहेब, दुखलं तर कधीच नाही!" आई म्हणाली. मी निरुत्तर झालो. त्या मुलीचा घसा मी कितीदा तरी पाहिला होता. दात एकदाही नीट पाहिले नव्हते.

या विकाराचा खरा धोका हाच, की तो बहुधा दुखत नाही. वरचा कायमचा सुळा साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी येतो. सर्व दातांत त्याचा मार्ग सर्वांत लांब, म्हणून वाट चुकण्याची शक्यताही अधिक. सुमारे शंभरात दोघांचा सुळा अडकतो; मुलींत हे प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे. स्वीडनमधील एरिक्सन आणि कुरोल यांनी २००० साली सीटी तपासणीने वाट चुकलेल्या सुळ्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या शेजारील बाजूच्या पटाशीच्या दातांपैकी ३८ टक्के दातांची मुळे झिजलेली आढळली. साध्या क्ष-किरण चित्रात यांतील बरीच झीज दिसत नाही.

मग धोका कोणाला अधिक? सुळ्याचे टोक शेजारच्या मुळाला प्रत्यक्ष टेकले असेल, मुळाच्या मध्यरेषेपलीकडे सरकले असेल, सुळ्याचे स्वतःचे मूळ बरेचसे तयार झाले असेल, तर झीज होण्याची भीती वाढते. सुळ्याभोवतीची पिशवी मोठी असणे हे मात्र कारण नव्हे, असे याच संशोधकांना आढळले. बाजूचा पटाशीचा दात बारीक, टोकदार किंवा जन्मतः नसलेला, अथवा घरात आणखी कोणाचा सुळा अडकलेला असेल, तर सुळा टाळूकडे अडकण्याची शंका आधीच घ्यावी.

दात हे आपले क्षेत्र नव्हे, असे आपण बालरोगतज्ज्ञ म्हणतो. पण दहाव्या वर्षी टीडी लसीसाठी मूल आपल्याच दाराशी येते, दंतवैद्यांच्या नव्हे. त्याच वेळी वरचा ओठ उचलून दुधाच्या सुळ्याच्या वर हिरडीवर बोट फिरवावे. सुळ्याचा उंचवटा दोन्ही बाजूंना लागतो का? एकाच बाजूला लागत असेल, किंवा कोठेच लागत नसेल, तर दंतवैद्यांकडे पाठवावे. यास अर्धे मिनिट लागते आणि खर्च काहीच नाही.

वेळेवर पाठवण्याचे मोल मोठे आहे. याच दोघांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १० ते १३ वर्षांच्या मुलांचा केवळ दुधाचा सुळा काढला, तेव्हा टाळूकडे वळलेल्या ४६ पैकी ३६ सुळे आपसूक योग्य मार्गाला लागले. सुळ्याचे टोक शेजारच्या मुळाच्या मध्यरेषेपलीकडे गेलेले असेल, तर यश कमी मिळाले. म्हणजे उशीर झाला की साधा उपाय हातचा जातो आणि शस्त्रक्रिया, तारा व वर्ष-दोन वर्षांचे उपचार उरतात. पालकांनीही एवढे लक्षात ठेवावे : एका बाजूचा सुळा येऊन सहा महिने उलटले, तरी दुसऱ्या बाजूचा दुधाचा सुळा जागचा हलला नसेल, तर 'पडेल आपोआप' म्हणून थांबू नये.

त्या मुलीचा सुळा तारेने ओढून जागेवर आणला गेला. सुळा दूर झाल्यावर झीज थांबली आणि शेजारचा दात, अर्ध्या मुळावर का होईना, टिकला. ती हसते तेव्हा ते कोणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या मात्र येते.