सहल वाया जात नाही



वर्गमित्रांच्या सहली म्हणजे देवदर्शनाच्या नावाखाली फोटोंची हौस, हे आपल्या वाचकाचे मत पटले नाही. चाळीस वर्षांनी आम्ही दहावीचे सोबती परळीत जमलो. अहिल्यादेवी होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या वैजनाथ मंदिराच्या पायऱ्या गुडघे धरलेल्या मित्राला दोघांनी हात देऊन चढवल्या. इथे ज्योतिर्लिंगाला स्पर्श करता येतो. लिंगावर तळवा टेकताच त्याचे डोळे भरून आले. पुढे २५ किलोमीटरवर अंबाजोगाईत, शके १११०च्या मानल्या जाणाऱ्या ‘विवेकसिंधू’ ग्रंथाचे कर्ते मुकुंदराज यांच्या समाधीपुढे सारेच गप्प झालो. शाळेत पाठ केलेले नाव तिथे खरे झाले. फोटो काढलेच, पण इतिहास आणि मैत्री, दोन्हींना उजाळा मिळाला. अशा सहली व्हायलाच हव्यात.

– एक वाचक, परळी वैजनाथ (जि. बीड)