गोळीचे नाव काय?

‘रक्त पातळ करणारी गोळी’ हा शब्दप्रयोग आता आपल्या घराघरांत रुळला आहे. वस्तुतः या गोळीने रक्त पातळ होत नाही. त्याच्या गोठण्यास आळा बसतो. हृदयाची लय बिघडलेल्या, कृत्रिम झडप बसविलेल्या किंवा पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या रुग्णास ती तारक ठरते. परंतु तोच रुग्ण न्हाणीघरात घसरून डोक्यावर आपटला, तर मेंदूतील रक्तस्राव तिच्यामुळे वाढू शकतो. अशा वेळी डॉक्टर विचारतात, “कोणती गोळी चालू आहे?” आणि घरची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

रक्त तपासले की सारे उमजेल, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. १९५४ पासून वापरात असलेल्या वॉर्फरिनचा परिणाम प्रोथ्रॉम्बिन टाइम या चाचणीत स्पष्ट उमटतो. तिचे फलित ‘आय.एन.आर.’ या आकड्याने सांगतात, आणि बोटातील थेंबभर रक्तावरून तो आकडा काही मिनिटांत देणारी लहान यंत्रेही आहेत.

तथापि २०१० नंतर प्रचारात आलेली डाबिगाट्रान, रिव्हारोक्साबान व अपिक्साबान ही औषधे या चाचणीस हुलकावणी देऊ शकतात. विशेषतः अपिक्साबान अंगात असूनही हा आकडा निरोगी माणसासारखा येऊ शकतो. डाबिगाट्रानचा सुगावा थ्रॉम्बिन टाइमने लागतो. उरलेल्या दोहोंसाठी ‘अँटी-टेन-ए’ हे निराळे मापन लागते. मध्यरात्री प्रत्येक रुग्णालयात ते मिळेलच असे नाही. शिवाय उतारेही भिन्न: वॉर्फरिनवर ‘के’ जीवनसत्त्व चालते, डाबिगाट्रानवर त्याचा उपयोग नाही; त्यासाठी इडारुसिझुमॅब हे स्वतंत्र औषध आहे. पक्षाघातात गुठळी विरघळविणारे इंजेक्शन द्यावे की नाही, हेही याच उत्तरावर अवलंबून असते. आणि त्याची मुदत साधारणतः साडेचार तासांचीच.

म्हणून आमची वाचकांना आग्रहाची विनंती आहे. घरात कोणी अशी गोळी घेत असेल, तर तिचे नाव, मात्रा, घेण्याची वेळ आणि कारण एका चिठ्ठीवर लिहून ती रुग्णाच्या खिशात वा बटव्यात ठेवावी. आपण राहतो तेथील डॉक्टरांना मराठी वाचता येईलच असे नाही. म्हणून नाव रोमन लिपीतही लिहावे. शेवटची गोळी केव्हा घेतली, हे घरातील दुसऱ्या एकास तरी ठाऊक असावे. मात्र भीतीपोटी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. गुठळीचा धोकाही तितकाच खरा आहे.

यंत्राला जे कळावयास तास लागतो, ते चार ओळींच्या चिठ्ठीने क्षणात कळते.