डीपी: तुमच्या गल्लीचा पुढच्या वीस वर्षांचा नकाशा

गुगल मॅप्स आज कुठे काय आहे ते दाखवतं. महापालिकेचा विकास आराखडा, म्हणजे ‘डीपी’, पुढच्या वीसेक वर्षांत कुठे काय असेल ते ठरवतो. पहिल्यात चूक झाली तर फार तर दोन गल्ल्या जास्त फिराल. दुसऱ्यात झाली तर राहत्या इमारतीवरून रस्ता जातो.

मुंबईत हे झालंय. फेब्रुवारी २०१५ मध्ये २०३४ पर्यंतचा प्रारूप डीपी आला. त्यात उभ्या इमारतींवर रस्ते आखले होते, काही वारसा वास्तू गायब होत्या. हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्री फडणवीस यांनी तो बाजूला ठेवून दुरुस्ती करायला सांगितलं. सुधारित आराखडा लागू व्हायला सप्टेंबर २०१८ उजाडला.

असं का होतं? १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार आधी ‘विद्यमान भूवापर नकाशा’ बनतो: सध्या कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे मैदान. त्यावर पुढचे रस्ते, शाळा, बागांची आरक्षणं पडतात. म्हणजे हा नकाशा इनपुट आणि डीपी आउटपुट. इनपुटच चुकलं तर भारी जीआयएस सॉफ्टवेअरसुद्धा चुकीचीच रेघ मारणार, फक्त जास्त सुबक.

ही चूक पकडायची जागा कायद्यातच आहे. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत कुणीही लेखी सूचना-हरकत देऊ शकतं. मग सुनावणी होते आणि शेवटी राज्य सरकार मंजुरी देतं. एकदा मंजुरी मिळाली की साधा बदलसुद्धा किचकट होतो.

आणि नकाशावर बाग दिसली म्हणजे बाग होईलच असंही नाही. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. मालक अडकून पडू नये म्हणून ही तरतूद योग्यच. पण पालिका झोपली तर मैदान जातं ते मुलांचं.

म्हणून प्लॉट किंवा फ्लॅट घेताना फक्त सातबारा बघून थांबू नका. पालिकेकडून झोन दाखला घ्या, आरक्षण आहे का ते तपासा. आणि तुमच्या शहराचा प्रारूप डीपी आला, की पीडीएफ झूम करून आधी स्वतःची गल्ली शोधा. चूक दिसली तर व्हॉट्सॲप ग्रुपवर चिडून भागत नाही; मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.