डॉक्टरकीचा ‘त्याग’ आणि येरळेचे पाणी (थ्रेड)

डॉ. भारत पाटणकरांचा परिचय करून देताना त्यागाचा उल्लेख हमखास होतो. एमबीबीएस झालेला माणूस, दवाखाना थाटला असता तर सुखात राहिला असता, वगैरे. हा गौरव दिसतो तितका निरुपद्रवी नाही. त्यागी माणसाला हार घातला की त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे टळते.

प्रश्न असा होता : नदीचे पाणी कोणाचे?

पाटणकर कासेगावचे. वडील बाबूजी आणि आई इंदुताई, दोघेही प्रतिसरकारातले. तेव्हा वाळवा तालुका सातारा जिल्ह्यातच होता. १९५२ साली बाबूजींची हत्या झाली. प्रतिसरकारची आरती आज सगळेच ओवाळतात. त्याच घरातला मुलगा १९८० साली श्रमिक मुक्ती दलाच्या संस्थापकांत होता, हे सांगताना मात्र आवाज खाली येतो.

येरळा खटावात उगम पावते आणि सांगली जिल्ह्यात कृष्णेला मिळते. १९८०च्या दशकात तिच्या काठी दुष्काळ होता आणि पात्रातली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी ती वाळू स्वतः विकून बळीराजा स्मृती धरणासाठी पैसा उभा केला. नियम ठरला तो विलक्षण होता : पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, कुटुंबागणिक समान. भूमिहीनांनाही.

‘जमीनच नाही, त्याला पाणी कशाला?’ हा आक्षेप आजही ऐकू येतो. भूमिहीनाला वाट्याने जमीन कसता येते, आणि हक्काचे पाणी हाती असले तर तो वाटा ठरवताना त्याची मान खाली राहत नाही. आक्षेपाचे खरे दुखणे तिथेच आहे. शिवाय धरणे काही उसाच्या मळेवाल्यांच्या खिशातून उभी राहत नाहीत. कोयनेसाठी पाटण-जावळीतली गावे बुडाली. पुनर्वसनासाठी त्या लोकांना अर्धशतक उलटल्यावरही ठिय्या द्यावा लागला.

जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विरशो १८४८ साली सायलेशियातल्या टायफसच्या साथीची चौकशी करून परतला, तो लोकशाही आणि शिक्षण मागत. पुढे तो संसदेतही गेला. त्याला कोणी त्यागमूर्ती म्हणत नाही. त्याच्या निष्कर्षांवर वाद घालतात. पाटणकरांच्या वाट्याला तेवढा वाद तरी यावा.

बच्छावत लवादाने १९७६ साली महाराष्ट्राला कृष्णेचे ५६० टीएमसी पाणी दिले. कर्नाटक-आंध्राशी भांडताना सर्वपक्षीय एकमत असते. त्या ५६० टीएमसीत आटपाडीच्या भूमिहीनाचे किती, असे विचारले की विषय बदलतो.