काठी आधी की नजर आधी?

साकीनाक्याला कसले आले आहे वन्यजीवन, असे तुम्ही म्हणाल. पण मिठी नदी इथूनच वाहते. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी तिला मिळते, आणि विहारच्या पाठीशी राष्ट्रीय उद्यानाचे रान आहे. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले, की साप कोरडी जागा शोधत गोदामात, गाळ्यात, जिन्याखाली येतात. मग 'साप! साप!' अशी ओरड होते आणि काठ्या निघतात.

पुष्कळदा मरते ती बिचारी धामण. तिची सहा-सात फुटांची लांबी पाहून लोक तिला नाग समजतात. वास्तविक ती बिनविषारी. तिचे आवडते खाणे उंदीर. आणि उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस तुंबलेल्या पाण्याच्या या शहराला चांगलाच ठाऊक आहे.

नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांना मात्र भ्यायलाच हवे. म्हणूनच माझे मत असे, की काठी नको, अंतर हवे. मारायला जाणारा माणूस आपण होऊन सापाच्या टप्प्यात शिरतो! (शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने साप मारणे गुन्हा आहे.) दूर उभे राहून नजर ठेवा आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. दंश झालाच, तर मांत्रिक नको, कापणे-चोखणे नको. अवयव न हलवता रुग्णालय गाठा. घोड्याच्या रक्तापासून बनवलेले प्रतिविष या चौघांच्याही विषावर चालते.

शिक्षकांनो, फळ्यावर अन्नसाखळी काढण्याआधी मुलांना एखाद्या गोदामवाल्याकडे न्या. धामण मारल्यावर त्याने उंदरांचे पिंजरे किती आणले, ते विचारा.